खोरं विचारणारे साडू

माणसाची जात, पगार किंवा रक्तगट न विचारता, तो कोणत्या नदीच्या पाण्यावर वाढला एवढ्यावरून त्याची कुंडली मांडणारा माणूस साऱ्या भारतात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, यजमान. आम्ही नवीन पनवेलमध्ये समोरासमोरच्या इमारतींत राहतो. विमा कचेरीतून ते निवृत्त झाले, पण गोदावरीच्या सेवेतून निवृत्त व्हायचा त्यांचा विचार दिसत नाही. लोकांच्या दिवाणखान्यात जिथे देवाची तसबीर असते तिथे त्यांच्याकडे गोदावरीच्या खोऱ्याचा नकाशा आहे, आणि दसऱ्याला ताई त्यालाही झेंडूचा हार घालते. एका वर्षी विसरली, तर हे जेवायलाच उठेनात.

नवा माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न, "खोरं कोणतं?" दाताच्या डॉक्टरने तोंडात यंत्र घातलेलं असतानासुद्धा त्यांनी हे विचारलं. डॉक्टर चंद्रपूरचा निघाला. यंत्र बाहेर येताच हे म्हणाले, "म्हणजे वर्धा. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता आमच्यात येते. आपण घरचेच." डॉक्टरने घरचा म्हणून काही कमी घेतलं नाही, पण यांची दाढदुखी तिथेच थांबली. मी कराडचा, म्हणजे कृष्णेचा. माझ्या लग्नात त्यांनी मला बाजूला घेऊन धीर दिला होता, "काळजी करू नका. वर वेगळे असलो तरी मुखाशी आपण शेजारी. दोघांनाही बंगालच्या उपसागरातच जायचंय." अक्षता पडायच्या आधी असं काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

ते स्वतः नांदेडचे आणि ताई कोपरगावची. आपण हिला का पसंत केलं हे ते अजून पाहुण्यांना सांगतात. "माझ्या लहानपणच्या आंघोळीचं पाणी हिच्या गावावरून येत होतं." त्यावर ताई आतून ओरडते, "मध्ये जायकवाडी आहे, तिथंच अडलं असेल!" जेवताना त्यांच्या ताटाखाली डाव्या बाजूला दुमडलेला रुमाल असतो, कारण दख्खनचं पठार पूर्वेकडे उतरतं आणि ताटालाही तो उतार हवा. भातातून अंगठ्याने पात्र काढायचं, आमटी त्र्यंबकेश्वरहून सोडायची, पापडाच्या तुकड्याने जरा अडवायची आणि ती उजव्या कडेला पोचल्यावरच पहिला घास घ्यायचा. आम्ही सगळे बायकांच्या माहेरी कोपरगावला जाताना कसारा घाट चढून इगतपुरी आली की गाडी थांबते. हे उतरतात आणि बाटलीतलं पाणी रस्त्याकडेला ओततात. "इथून दारणेत, दारणेतून गोदावरीत. निघालं राजमहेंद्रीला!" एकदा एका पोलिसाने येऊन विचारलं, "काका, गाडी गरम झाली का?" ताईला तहान लागलेली असते आणि बाटली शेवटची असते. हे ठाऊक असून मी दरवेळी गप्प राहतो, याची मला अजून टोचणी आहे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने गाढीकाठचा मुलगा पसंत केला.

गाढी म्हणजे आमच्या पनवेलची नदी. माथेरानच्या डोंगरात उठते आणि बघता बघता खाडीला मिळते. साडूंनी इतकी वर्षं पनवेलात काढूनही तिला कधी नदी म्हटलेलं नाही. ते तिला ओहोळ म्हणतात, तेही पावसाळ्यात. भाचीने मला गाठलं. "काका, बाबांना तुम्हीच सांगा. माझं ऐकताना ते नकाशाकडे बघतात." मी कबूल झालो आणि रोज उद्यावर ढकलत राहिलो. ते प्रेमाने "घ्या साडूभाऊ, अजून एक चकली घ्या" म्हणायचे आणि मी चोरासारखा चकली घ्यायचो. शेवटी एका रविवारी त्यांची आमटी पैठणपर्यंत आली असताना माझ्या तोंडून ते निघून गेलं.

"मुलगा चांगला आहे. इंजिनीअर आहे. आपल्या जातीतला नाही."

"जात मी कधी विचारली? खोरं?"

"गाढी."

आमटी पैठणलाच थांबली. ते म्हणाले, "सगळं जग हजार गोष्टी विचारतं. मी एकच विचारतो. तीही चुकावी?" मग हात न धुताच नकाशाखाली जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "एवढासा ओहोळ हो. पोरगी तिथं कशी राहील?" ताई पदराने डोळे टिपत होती, भाची माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटत होतं की हा सगळा पूर मीच आणला.

तरी ते माझ्याबरोबर मुलाचं घर बघायला आले. मुलाच्या वडिलांची जमीन विमानतळात गेलेली. गळ्यात जाड साखळी, अंगणात दोन डंपर आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस दचकावा. चहाबरोबर गोदावरीची महती सांगून होताच साडू घरामागे नदीवर गेले. मी मागोमाग धावलो. ते काठावर उभे राहून पाण्यातल्या एका नारळाकडे बघत होते. नारळ खाडीकडून डोंगराकडे चालला होता.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "हे पाणी उलटं चाललंय."

मागून मुलाचे वडील आले. "भरती हाय, पाव्हनं. दर्या वर येतो. रोज येतो, दोन टायमाला. तुमची नदी मोटी ना? ती दर्याला भेटली का परत येते?"

"नाही," साडू म्हणाले. "गेली की गेली."

"मंग! आमची नदी ल्हान हाय, पन गेलेलं पानी घरी येतं."

नारळ वळणाआड जाईपर्यंत साडू बघत राहिले. घरी परतताना गाडीत फक्त एवढंच म्हणाले, "हॉल नको. लग्न त्यांच्या दारातच करू."

लग्न तिथेच झालं, त्यामुळे पाठवणीच्या वेळी विचित्र प्रसंग ओढवला. मुलगी सासरीच होती. जायचं होतं ते आम्हाला. ताई रडून रडून गाडीत बसली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, आणि बातमी माझ्याच तोंडून गेली होती म्हणून मी साडूंच्या नजरेला नजर देत नव्हतो. ते व्याह्यांचा हात धरून उभे होते.

"भरती किती वाजता?"

"आता ओहोटी हाय, भाऊ. संध्याकाळी वळंल पानी."

मांडववाले खुर्च्या उचलत होते. साडूंनी त्यांतली एक मागून घेतली, घरामागे नेली आणि काठावर ठेवून बसले. मी ड्रायव्हरला पुढे जायला सांगितलं आणि दुसरी खुर्ची घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. पाणी अजून खाडीकडेच चाललं होतं.