मधला स्पीकर

आमच्या भोंग्याचे कान गेले, ही बातमी सगळ्या इमारतीत मीच पोचवली. बातमी पोटात ठेवली की मला अपचन होतं, त्याला मी तरी काय करणार! पण ती खोटी निघेल आणि खोटी निघाल्यावर जास्त वाईट वाटेल, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

भोंग्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. धंदा स्पीकर दुरुस्तीचा. फाटलेला कागद बदलायचा, जळलेली कॉइल नव्याने गुंडाळायची, मग स्पीकरजवळ कान नेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून घरघरतोय." जन्मभर आवाजात राहून त्याचा स्वतःचा आवाज असा चढला होता, की त्याने घरात "साखर आण गं" म्हटलं की वर आमची ही डबा उघडायची. म्हणून भोंग्या. नाव मीच ठेवलंय आणि ते त्याला चपखल बसलंय.

दुकानापायी घरात त्याचा पाय ठरायचा नाही. सुट्टीच्या दिवशीही कुणाचा तरी स्पीकर बसलेला असायचाच. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, मला सवत आहे. गोल तोंडाची, आणि कायमची घशाने आजारी." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. त्या हसण्यात किती खरं होतं हे मला मागाहून कळलं.

गल्लीच्या टोकाचं सिनेमाच्या डिस्का भाड्याने देणारं दुकान बंद पडलं, तेव्हा भोंग्याने खोकीच्या खोकी उचलून आणली. "म्हातारपणी निवांत बघू." त्यातला एकही सिनेमा त्याने पाहिलेला नव्हता. निवांतपणा यायच्या आधी डिस्क चालवायच्या यंत्राने मान टाकली आणि त्याचं भिंग कुठे मिळेना. मग त्याचे जावईबापू पुढे सरसावले. "बाबा, सगळ्याच्या फाइली करून देतो. एवढ्याशा डबीत मावतील, डबी टीव्हीला लावायची की झालं."

आता इथे जरा यंत्राचं बोलावं लागेल, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. डिस्कवर आवाज सहा वाटांनी भरलेला असतो. दोन पुढचे स्पीकर, दोन मागचे, एक धडामधुडुमसाठी आणि एक मधला. माणसं बोलतात ती बहुतेक या मधल्यातून. फाइल करताना कॉम्प्युटर विचारतो, आवाज आहे तसा ठेवू, की दोन स्पीकरपुरता एकत्र करू? जावईबापू भिडस्त. सासऱ्याच्या वस्तूत ढवळाढवळ नको म्हणून त्यांनी सगळीकडे 'आहे तसा' निवडलं. भोंग्याच्या टीव्हीला दोनच स्पीकर, आणि ती डबी स्वस्तातली. तिने पुढच्या दोन वाटा घेतल्या आणि मधली चक्क टाकून दिली. घोडे दौडायचे, दारं आपटायची, संगीत दणदणायचं, आणि माणसं नुसते ओठ हलवायची. फार तर विहिरीच्या तळातून कुणी पुटपुटावं तसं काहीतरी.

पहिल्याच सिनेमाला भोंग्या म्हणाला, "हे बोलतायत काय? मला काही कळत नाहीये."

वहिनी शेजारी बसून मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "मला येतंय की ऐकू."

बस्स. एवढंच वाक्य. दुसरा कुणी असता तर डबी उलटीपालटी करून बघितली असती. पण भोंग्याचे वडील याच वयात ठार बहिरे झाले होते, आणि तो तेव्हापासून आपली पाळी येणार म्हणून धास्तावून होता. शेजारी बसलेल्या बाईला ऐकू येतंय म्हटल्यावर दोष डबीचा कसा असेल? टीव्हीवरच्या बातम्या तो कधी बघायचा नाही, त्यासाठी मी होतो. मी सांगितलेलं त्याला सगळं कळायचं, पण त्याने ठरवून टाकलं की मी दया येऊन ओरडून सांगतो.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या का?" त्याने विचारलं.

"वयाला औषध असतं का?" वहिनी म्हणाल्या.

मग दोघांचा एक शिरस्ताच पडला. संध्याकाळी सिनेमा लावायचा, त्याने विचारायचं आणि तिने सांगायचं. मी एकदोनदा जाऊन बसलो. मला तर एक अक्षर लागत नव्हतं. मी आपला गप्प राहिलो, म्हटलं आपलेही गेले वाटतं! पण वहिनींच्या तोंडून सगळा सिनेमा असा वाहत होता, काय सांगू. फक्त एक गंमत होती. त्या सिनेमांतली सगळी माणसं एकमेकांना कामधंदा सोडायला सांगायची. दरोडेखोर दरोडेखोराला म्हणायचा, "पुरे झालं आता, घरी बस." सेनापती राजाला म्हणायचा, "महाराज, बायकोकडे बघा जरा."

"हा सेनापती भलताच शहाणा आहे," भोंग्या म्हणायचा.

काही महिन्यांत त्याने दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. मला म्हणाला, "स्पीकर घरघरतोय की माझे कान, हेच कळेना झालं तर लोकांच्या वस्तूला हात कशाला लावू?" आता तिथे मोबाइलची रंगीबेरंगी कव्हरं लटकतात. तिकडून जावं लागलं तर तो पलीकडच्या बाजूने जातो.

एके दिवशी दुपारी तो पिशवीभर डिस्का घेऊन माझ्याकडे आला. "तुझं यंत्र चालतंय ना? ठेव तुला. माझ्या काही उपयोगाच्या नाहीत." मी त्याला चिडवायला त्यातलीच एक लावली. आजारी बाप आणि नावाडी मुलगा, असलं काहीतरी होतं. बाप अंथरुणावरून हलकेच म्हणाला, "ऊठ, तुझी होडी वाट बघतेय. माझ्यापाशी बसून काय करतोस?"

भोंग्या ताठ झाला. "परत लाव."

मी परत लावलं.

"मला ऐकू आलं," तो म्हणाला. मग वेष्टनावरचं नाव वाचून, "हा पाहिलाय मी घरी. ही म्हणाली होती, बाप म्हणतो, होडी विकून टाक आणि घरी राहा."

त्याच्या मागोमाग मी खाली उतरलो. असला प्रसंग सोडून वर बसणारा मी नव्हे. लेक-जावई नेमके आले होते. भोंग्याने डिस्क टेबलावर ठेवली. "जावईबापू, खरं सांगा, फाइलीत काही चुकलंय का?"

जावयाने सासूकडे बघितलं. "बाबा, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आवाजाचं सेटिंग चुकलं होतं माझं. आईंना म्हणालो, सगळं पुन्हा करून देतो. त्या म्हणाल्या, राहू द्या, मी बघते."

"अगं आई!" लेक म्हणाली.

वहिनींनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्या शेजारी इतके कधी बसला होता? कानांनी तुम्हाला घरी आणलं. मी कशाला परत पाठवू?"

"कानांनी नाही आणलं. तू आणलंस." इतक्या हळू आवाजात भोंग्या बोललेला मी कधी ऐकला नव्हता. "दुकानाचं जाऊ दे. मी बहिरा होतोय म्हणून रडलो होतो तुझ्यापुढे. तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस."

असा प्रसंग अर्ध्यावर सोडून मी पहिल्यांदाच वर निघून आलो.

दुसऱ्या दिवशी त्याने जावयाकडून सगळं शिकून घेतलं. आता जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून तो एकेक डिस्क स्वतः पुन्हा उतरवतो. 'दोन स्पीकरसाठी एकत्र' निवडतो, आणि मग कानाला हेडफोन लावून आख्खी फाइल तपासतो, पहिल्या पाटीपासून शेवटच्या नावापर्यंत. जेवायला हाक मारली की येतो, जेवतो, पुन्हा हेडफोन लावतो. मी विचारलं, "अरे, वहिनींशी बोलणार आहेस की नाही?"

"हे संपू दे. मग बघू."

त्याच्या डिस्का संपल्या. मग मला दिलेल्या परत घेऊन गेला. मग माझ्या स्वतःच्या न्यायला लागला, आमच्या हिच्या स्वयंपाकाच्या डिस्कांसकट.

काल वहिनी जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी. "भाऊजी, तुमच्याकडे अजून किती राहिल्यात?"

मला वाटलं, त्यांना सुटका हवी असेल. आनंदाने म्हणालो, "संपल्या वहिनी! आज सकाळी शेवटची नेली त्याने. आता तो बोलेलच बघा."

वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वरच्या पायरीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या बहिणीकडे असतील का हो थोड्या?"