निष्कर्ष आधी सांगा

ताई उभ्या माणसाला काही सांगत नाही. आधी खुर्ची ओढते. बोलण्याआधी हातातलं सगळं खाली ठेवते, पेनसुद्धा. दार कोपराने ढकलते. फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं, “कुठेयस, गाडी चालवत नाहीस ना?” समोरच्यासाठी पाणी भरते आणि बोलता बोलता स्वतःच पिऊन टाकते.

विद्यापीठाच्या वाचनालयात आमची टेबलं समोरासमोर होती, म्हणून मला हे ठाऊक. मी नुकतीच इंग्रजी साहित्यात एम.ए. झालेली. ती माझ्या मावशीच्या वयाची. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर तिचं टेबल होतं. आत काय झालं ते बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगायचं, हे तिचं काम. त्याच कामावर पीएच.डी. करायला ती बिनपगारी रजा घेऊन आली होती. प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता. तिच्या सरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. “यांचं इंग्रजी जरा बघ,” एवढंच म्हणाले.

इंग्रजी वाईट नव्हतं. भानगड वेगळीच होती. पहिल्या प्रकरणाच्या पानापानावर सरांनी लाल पेनाने एकच शेरा मारला होता: निष्कर्ष आधी सांगा.

“असं कसं?” ताई म्हणाली. “माणूस आत पाऊल टाकतोय तोच शेवट त्याच्या अंगावर फेकायचा? आधी बसू तरी दे त्याला.”

“परीक्षक रडत नाहीत गं, ताई.”

“तुला काय माहीत?”

तिचा निष्कर्ष प्रकरणाच्या शेवटच्या पानावर होता. बातमी पायरीपायरीने सांगितली की माणसाला ती पेलते. ऑपरेशन कधी सुरू झालं, रक्त लागलं का, डॉक्टरांनी काय काय करून पाहिलं, आणि मग शेवटचं. इतकी वर्षं ती असंच सांगत आली होती. मुलाखतींत लोकही तेच म्हणाले होते, फार सांभाळून सांगितलंत. आता हे प्रकरण महिनाअखेरीस समितीने मंजूर केलं नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. म्हणजे रजा संपली, प्रबंधही संपला.

इंग्रजी लिखाणातल्या काही गोष्टी तिला भलत्याच आवडल्या. ‘असं दिसतं’, ‘बहुधा’, ‘उपलब्ध माहितीवरून’. “डॉक्टर असं बोलले की नातेवाईक अंगावर धावून जातात,” ती म्हणाली, “आणि इथे त्याचं कौतुक!” पण ‘आधी निष्कर्ष’ तिच्या गळी उतरेना. पटत नाही म्हटल्यावर तिने ते करून बघायचं ठरवलं.

त्या आठवड्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. परगावच्या भावाला तिने माझ्यासमोरच फोन लावला. गाडीचं विचारलं नाही. “ऑपरेशन नीट झालं,” म्हणाली आणि थांबली. पलीकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. औषध कोणतं, पट्टी कधी काढणार, जवळ कोण आहे. ती चकित होऊन उत्तरं देत राहिली.

“एरवी तर नुसता हं हं करतोस,” ती म्हणाली.

“एरवी तू आधी बस म्हणतेस ना,” भाऊ म्हणाला. फोन स्पीकरवर होता. “बस म्हटलंस की माझे कान बंद. मग तू काय बोलतेस देव जाणे. मी आपला तुझ्या आवाजावरून ओळखायला बघतो, माणूस आहे की गेला.”

तिने फोन ठेवला. पाणी भरलं. प्यायली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वाचनालयात दिसेना. मुलाखती दिलेल्या लोकांना ती पुन्हा भेटत होती. नवा प्रश्न एकच होता: मी शेवटचं वाक्य बोलले, त्याच्या आधी काय म्हणाले होते? एका सुताराला तिच्या घड्याळाचा पट्टा आठवत होता. एका शिक्षिकेला भिंतीवरचा ओलीचा डाग. वाक्य कुणालाच आठवत नव्हतं.

“म्हणजे मी भिंतीशी बोलत होते,” परत आल्यावर ती म्हणाली. आवाजात दुःख कमी आणि नवल जास्त होतं. मला मात्र घाम फुटला. त्या प्रकरणातली निम्मी वाक्यं मी घासूनपुसून चकचकीत केली होती.

“ताई, आत्ता आहे तसं देऊन टाक. नोंदणी वाचेल. मग बदल हवं ते.”

“शेवटच्या पानावर असतं तर दिलंही असतं. कोण बघतंय तिथे? पण सरांनी ते पहिल्या ओळीत आणायला लावलंय. तिथे खोटं कसं ठेवू? दारातच दिसेल.”

सरांच्या खोलीत ती मलाही घेऊन गेली. सर चहा पीत होते. “सर, माझा निष्कर्ष चुकलाय. प्रकरण देत नाहीये,” ती उभ्याउभ्याच म्हणाली.

सरांनी कप खाली ठेवला. “बसा.”

“बसा नका म्हणू हो, सर,” ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. मग सरांनी सगळं खोदून खोदून विचारलं. समितीकडून सत्र संपेपर्यंत मुदत मागून घेईन म्हणाले, त्यापुढे त्यांच्या हातात काही नाही. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी शेवटचं विचारलं, “आणि त्या बाई? ज्यांचं बोलणं तुम्ही सगळ्यात जास्त वापरलंय?”

त्या बाईंचा तरुण मुलगा ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. काही महिन्यांनी त्या मुद्दाम हॉस्पिटलात आल्या होत्या. “तुम्ही हळूहळू सांगितलंत म्हणून मी उभी राहिले,” असं ताईचा हात धरून म्हणाल्या होत्या. प्रबंधाची कल्पना ताईला त्या दिवशी सुचली.

“त्यांनाच तेवढं विचारायचं राहिलंय,” ताई म्हणाली.

त्यांना आठवत असेल, तर अख्खा निष्कर्ष पुन्हा फिरेल. नसेल, तर त्या बाईंच्या हाती काय उरेल, हे ताईला कळत नाही. ती दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली. चहा घेतला, गुडघेदुखीची चौकशी केली.

“विचारलंस?”

“नाही गं. नवे पडदे लावलेत त्यांनी. तेच दाखवत होत्या.”

सत्र संपत आलंय. नवं प्रकरण दुसऱ्या वाक्यापासून पुढे पूर्ण झालंय. मी तपासलंय, चांगलं उतरलंय. पहिल्या वाक्याची जागा तिने मोकळी सोडली आहे.