खरवईचा कोल्हा

खरवईला नवा फ्लॅट घेतला तेव्हा भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता, म्हणून मी उल्हासनगरच्या एका फोटोच्या दुकानात गेलो. चष्मा कपाळावर चढवलेला एक पन्नाशीतला माणूस कॉम्प्युटरला नाक लावून बसला होता. एका फोटोतला कोल्हा कापून तो दुसऱ्या फोटोतल्या डोंगरउतारावर बसवत होता. शेपटीचा एकेक केस सोडवताना तो श्वास रोखून धरायचा.

खरवईच्या नव्या घरासाठी फोटो हवा असं सांगितल्यावर तो म्हणाला, "हा घ्या, तुमच्याच खरवईचा आहे."

मला हसू आलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो, "खरवईत कसला कोल्हा? कॉम्प्युटरवर काय, तुम्ही वाघही बसवाल!"

तो चिडला नाही. चष्मा डोळ्यांवर घेत म्हणाला, "साहेब, डोंगर मागच्या महिन्यातला आहे. कोल्हा बिल्डिंगी व्हायच्या आधीचा, पण त्याच उतारावरचा. दोन्ही फोटो माझेच. मी फक्त त्याला घरी सोडला."

मी वरमलो. पण लोकांसमोर माघार कशी घ्यायची, म्हणून परदेशातल्या बर्फाचा एक फोटो घेऊन निघालो. त्याने तोही तितक्याच काळजीने बांधून दिला.

वर्षभराने माफी मागायला आणि तो कोल्हा घ्यायला गेलो, तर तिथे मोबाईलची कव्हरं लटकत होती. शेजारचा सिंधी दुकानदार म्हणाला, "वो तो गाव चला गया. कॉम्प्युटर भी बेच दिया."

गाव कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि नाव मी कधी विचारलंच नव्हतं.