मेव्हण्याचा कन्सोल
हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की मला माझीच किळस येते. बोरीच्या माझ्या मेव्हण्याचा डावा हात मळणीयंत्रात गेला होता. परभणीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्यानं विचारलं, "दाजी, मला नगरं वसवायचे, लढाया आखायचे गेम खेळायचेत. एका हातानं कशावर जमंल?" त्याला पीसी हवा, नुसत्या माऊसवर भागतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, पण त्याच्या घरी जाऊन मला टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर फुटबॉलचा गेम खेळायचा होता. म्हणालो, "कन्सोलच घे, लय भारी हाय." घरी त्यानं खोक्यातल्या थर्माकोलमधून दोन हातांनी चालवायचा कंट्रोलर काढला, मांडीवर धरून पाहिला आणि हसून माझ्याकडे सरकवला, "खेळा दाजी, मी बघतो." भज्यांच्या तेलकट बोटांनी मी दुपारभर खेळलो, गोल झाला की ओरडलोही. दाजींचा अंदाज चुकला, असं तो अजून समजतो. मी चुकलो नव्हतो, जाणूनबुजून तसं सांगितलं होतं, हे त्याला सांगायचं बाकी आहे.