छत्तीस ढीग खडी

नोकरीत किती तपास केले ते माझ्या डायऱ्यांत लिहिलेले आहे. त्यांतले बरेचसे आता डायरी उघडल्याशिवाय आठवत नाहीत. खडीचा गुन्हा मात्र तसाच आठवतो. इंदापूरचे नाव कानावर आले की आधी तो ओढा डोळ्यांपुढे येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब बारामतीत ठेवले होते आणि मी पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो. मध्ये अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, पण बंदोबस्त नसेल तरच पंधरा दिवसांनी एक रविवार घरी मिळायचा. संध्याकाळी बारामतीची एसटी ठाण्यासमोरून जायची, तेव्हा मी हातातले काम थांबवून तिच्याकडे बघत बसायचो. ठाण्यातल्या लोकांना ते ठाऊक झाले होते. त्या दोन मिनिटांत कोणी सही मागायला येत नसे.

मे महिन्यात बांधकाम खात्याचे शाखा अभियंता फिर्याद घेऊन आले. तालुक्यातल्या एका गावाला फाट्यापासून सहा किलोमीटर कच्चा रस्ता होता. त्याच्या डांबरीकरणाचे काम मंजूर झाले, नारळ फुटला, ठेकेदाराने रस्त्याच्या कडेने खडीचे ढीग टाकले. अशा ढिगांची मापे घेतली की वरून चुन्याचे पाणी शिंपडतात. नंतर कोणी पाटीभर जरी उचलली तरी पांढरा थर मोडलेला दिसतो. मापे वहीत चढली आणि खडी सरकारची झाली. मग निवडणूक आली. गावाने त्या भागातल्या पुढाऱ्याच्या माणसाला मते दिली नाहीत. महिन्याभरात काम रद्द झाले. ठेकेदार यंत्रे घेऊन गेला, ढीग तसेच पडून राहिले. आता त्यांतले छत्तीस ढीग जागेवर नव्हते.

अभियंता तरुण होते. “मला द्यायला सांगितलीय, साहेब, म्हणून देतोय,” एवढे म्हणून त्यांनी फिर्यादीवर सही केली. मी भारतीय दंड विधान कलम ३७९ प्रमाणे चोरीचा गुन्हा नोंदवला.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. एरवी खबरीसाठी आम्हाला चार ठिकाणी चहा प्यावा लागतो. ही आपल्या पायांनी ठाण्यात आली. पुढाऱ्याचा एक कार्यकर्ता सांगून गेला की खडी लोणी देवकरच्या बाजूला एका नव्या घराच्या कामावर पडली आहे. घर कोणाचे, तर गावाने ज्याला मते दिली त्याच्या मेव्हण्याचे. आम्ही गेलो, पंच घेतले, पंचनामा केला. तिथली खडी यंत्रावर फोडलेली, बारीक. रस्त्याची खडी हातोड्याने फोडलेली, जाड. चुन्याचा ठिपका कुठे नव्हता. तीन दिवस गेले.

मग मी मैलकुलीला बोलावले. बांधकाम खात्यात रस्त्याचा ठरावीक तुकडा एकेका कामगाराच्या ताब्यात असे. खड्डे भरणे, गटारे काढणे, कडेची झाडे राखणे हे त्याचे काम. या सहा किलोमीटरचा मैलकुली त्याच गावचा होता. त्यांना सगळे आबा म्हणत. घरात पूर्वी मेंढरे होती. ती मोडून आबांनी सरकारी फावडे धरले त्याला एकतीस वर्षे झाली होती. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. खडी त्यांच्या राखणीतली असल्याने त्यांचा हात निघाला असता तर कलम ४०९, म्हणजे सरकारी नोकराने केलेला अपहार, लागले असते. मग नोकरी गेली असती आणि पेन्शनही.

सकाळी दहापासून मी त्यांना ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले. तपासाची ती एक पद्धत असते, बसून बसून माणूस सैल होतो. आबा पाठ ताठ ठेवून बसले. मी विचारले, खडी कोणी चोरली? म्हणाले, चोरली न्हाय कुणी. कोणाला नेताना पाहिले? न्हेली न्हाय कुणी. कोणी विकली? इकली न्हाय. मी केस डायरीत ‘उडवाउडवीची उत्तरे देतो’ असे लिहिले.

पाचच्या सुमारास ते पहिल्यांदा आपण होऊन बोलले. “साहेब, यस्टीचा टाइम झाला. जाऊ द्या.”

त्यांच्या गावाला एसटी जात नव्हती, हे मला माहीत होते. मला वाटले, सुटायची सबब आहे. आमच्या जीपचा ड्रायव्हर हवालदार त्याच भागातला. त्याने मला बाहेर बोलावून सांगितले, की आबांची एकुलती लेक माळेगावला दिली आहे, जावई साखर कारखान्यात आहे. बारामतीकडची गाडी फाट्यावर थांबते तेव्हा आबा काम टाकून तिथे उभे असतात. लेक येणार असो वा नसो. गेल्या पावसाळ्यात ती कडेवर पोर घेऊन फाट्यापासून चालत निघाली आणि ओढ्याच्या चिखलात पडली. मनगट मोडले. तेव्हापासून जावई तिला माहेरी पाठवत नाही. गावात गाडी येईल तेव्हा पाठवीन म्हणतो. डेपोवाले म्हणतात, डांबर झाल्याशिवाय गाडी नाही.

“आनि डांबर तर रद्द झालं,” हवालदार म्हणाला. “आता म्हातारं कुनाची वाट बघतंय, त्यालाच ठावं.”

मी आबांना सोडून दिले. एसटीकडे बघत बसणाऱ्या माणसाला ते समजायला वेळ लागला नाही.

दोन दिवसांनी आम्ही जबाबांसाठी पुन्हा गावाकडे निघालो. ओढा ओलांडून वर आल्यावर हवालदार सहज बोलल्यासारखा म्हणाला, “साहेब, एक इचारू का? ओढ्यात गाडी आता दचकत न्हाय.”

“म्हणजे?”

“पूर्वी हितं पैला गिअर लागायचा. डोकं टपाला आपटायचं. आता दुसऱ्यावर सरळ निघतीय.”

“कधीपासून?”

त्याने बोटे मोजली. “आपण ह्या गुन्ह्यासाठी येतोय तवापास्नं. आज नववी खेप.”

मी जीप थांबवली. खाली उतरून काठीने वरचा मुरूम खरवडला. बोटभर मुरुमाखाली खडी होती, दाबून बसवलेली, एकाला एक खेटून. अजून थोडे उकरल्यावर पांढरे ठिपके असलेले दगड निघाले. चोरीच्या मालावरून आम्ही नऊ वेळा गेलो होतो.

आबा पुढच्या वळणावर गटार काढत होते. ते फावडे खांद्यावर टाकून सावकाश आले.

“घावली का, साहेब?”

त्यांनी मग काहीच लपवले नाही. एप्रिलमध्ये कारखान्याचा ऊसहंगाम संपला, बैल आणि गाड्या मोकळ्या झाल्या. गावाने दोन दिवस दिवसाउजेडी ढीग उचलून ओढ्यात पसरले. कुठे किती घालायची, पाणी कधी मारायचे, हे आबांनी सांगितले. वर मुरूम टाकला आणि मातीने भरलेल्या गाड्या फिरवून फिरवून सगळे दाबले. बायका विहिरीवरून घागरी आणत होत्या.

मी विचारले, मग ठाण्यात दिवसभर बसलात तेव्हा का नाही सांगितले?

“तुमी इचारलं, चोरली कुणी. चोरली कुणीच न्हाय. सरकारची खडी सरकारच्या रस्त्यात हाय.” मग खाली बघत म्हणाले, “खडी कुणी न्हेली म्हून तुमी आठ दिस फिरताय, साहेब. रस्ता कुणी न्हेला त्ये कुणी इचारीना.”

फावडे खांद्यावरून उतरवून म्हणाले, “माझं एकट्याचं नाव लिवा. गावाला सांगितलं मीच.”

मी पंच बोलावले आणि टेप काढला. लांबी एकशे पस्तीस मीटर, रुंदी तीन, जाडी सरासरी दहा सेंटिमीटरला किंचित कमी. गेलेले ढीग प्रत्येकी दीड घनमीटरचे, म्हणजे चोपन्न. दाबल्यावर खडी चौथ्या हिश्श्याने बसते. हिशेबाने साडेचाळीस यायला हवी होती, आली चाळीस. अर्धा घनमीटर कमी पडत होता. मला असला फरक सोडवत नाही. आबांना विचारले, अर्धा कुठे?

“तेवढी माती खाती, साहेब. पैल्यांदा खडी घातली की माती आपला वाटा घेती.”

पंच हसले. मी चुन्याचे ठिपके असलेले तीन दगड नमुना म्हणून मोहोरबंद केले.

संध्याकाळी ठाण्यात पुढाऱ्याचा फोन आला. त्यांना बातमी आमच्याआधी पोचली होती. “फौजदार, मैलकुलीनं कबूल केलंय म्हणे. अटक कधी करताय?” मी म्हणालो, तपास चालू आहे. ते म्हणाले, “करून टाका. गावाला एकदा कळू दे.”

काय कळू दे, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पण फोन ठेवल्यावर मी कागद पुढे ओढला. खडीचा ताबा कोणाकडे होता हे ठरवायचे तर काम कधी आणि का रद्द झाले ते माझ्या कागदपत्रांत हवे होते. मी खात्याला रीतसर पत्र देऊन रद्दचा आदेश मागवला. तो आला. कारण दिले होते: ‘ग्रामस्थांनी रस्त्याच्या जागेस लेखी हरकत घेतल्याने.’

गावात जाऊन मी एक्केचाळीस जबाब घेतले. प्रत्येकाला विचारले, तुम्ही हरकत घेतली होती का? आपल्या नावावर असा कागद आहे, हे त्या लोकांना माझ्याकडूनच पहिल्यांदा कळले. एकानेही होय म्हटले नाही. मग मी खात्याकडे मूळ हरकत अर्ज मागितला. तीन स्मरणपत्रांनंतर एका ओळीचे उत्तर आले: ‘असा अर्ज अभिलेखात आढळून येत नाही.’

त्याच आठवड्यात गावात देवळासमोरच्या पटांगणात एका सत्कारासाठी पुढारी आले. मी बंदोबस्ताला होतो. अभियंत्यांनाही बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवले होते. भाषणात पुढारी म्हणाले, आम्ही रस्ता आणला होता, तुम्हीच हरकत घेतलीत. बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. तिचा जबाब मीच घेतला होता. अंगठा देताना तिने दोनदा वाचून दाखवायला लावले होते.

“तात्या, त्या कागदावर अंगठा कुणाचा हाय, तेवढा दाखवा.”

पुढारी हसून म्हणाले, मावशी, ते ऑफिसचं काम असतं.

म्हातारी अभियंत्यांकडे वळली. “मग ऑफिसच हितं बसलंय की. तुमी सांगा, लेकरा. हाय का असा कागद?”

अभियंत्यांनी पुढाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी कोणतीही खूण केली नाही. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “नाही.”

कोणी ओरडले नाही, घोषणा दिल्या नाहीत. इतकी माणसे नुसती बघत बसली, आणि मला वाटते तेच त्या गृहस्थांना सोसले नाही. पुढे कार्यक्रम आहे म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला. त्यांची गाडी ओढ्यातून एकसारखी निघून गेली. आबा कडेला उभे होते. त्यांनी सवयीने हात वर करून वाट दिली.

खडी सरकारच्या रस्त्यातच असल्याने अप्रामाणिक हेतू दिसत नाही, असा अहवाल मी लिहिला आणि सी समरी मागितली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. कोर्टाने ती मंजूर केली. आबा तारखेला निवृत्त झाले आणि पेन्शन सुरू झाली. मुद्देमाल मूळ जागी परत करावा, असा हुकूम होता. मी मोहोर फोडून ते तीन दगड आबांच्या हातात दिले. त्यांनी ओढ्यात जागा करून ते बसवले, वरून धुम्मस मारले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “घ्या. आता माप पुरं झालं.”

पुढाऱ्याला विचारणारा मात्र त्या म्हातारीनंतर कोणी भेटला नाही. अभियंत्यांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, माझी मुदतीच्या वर्षभर आधी झाली. डांबर काही पडले नाही. बारामतीची गाडी दिसत नाही अशा ठाण्यांत मी पुढची वर्षे काढली.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे, की फिर्यादीत लिहिलेला प्रश्न पुरेसा नसतो. मी आठ दिवस खरे बोलणाऱ्या माणसांना चुकीचा प्रश्न विचारत होतो आणि त्यांना खोटे समजत होतो. आबांना त्या बाकावर सात तास बसवले, ते माझ्या खात्यावर आजही तसेच आहे. तपासात पुढे मी नेहमी आधी विचारत आलो, काय गेले, आणि ते खरे कोणाचे होते.

निवृत्तीनंतर बारामतीत स्थिर झालो. एकदा स्थानकावर एका गाडीच्या पाटीवर त्या गावाचे नाव दिसले. मला दुसरीकडे जायचे होते, तरी त्या गाडीत बसलो. फाट्यापासून गावापर्यंत काळाभोर डांबरी रस्ता होता. ओढा कधी गेला तेही कळले नाही.

आबांच्या घरी त्यांची लेक भेटली. माहेरी आली होती. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी सुरू झाली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यानंतर तीन वर्षे होते, असे तिने सांगितले.

“पर गाडीत कधी बसलं न्हाईत. मला आणाया फाट्यावर चालत यायचं. मी गाडीतनं आनि आबा कडंनं. घरी पोचाया एक तास उशीर. म्हणायचं, रस्ता बसून दिसत न्हाय.”

चहा झाला. परतीच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. ती लगबगीने उठली, पोराला पळवते, गाडी थांबवते म्हणाली. मी नको म्हणालो. सहा किलोमीटर आहे, मला माहीत होते.

ओढ्याजवळ पोचलो तेव्हा गाडी मागून आली. मी कडेला झालो. ती माझ्याजवळून खाली उतरली आणि वर चढून गेली. दचकली नाही.