जिनिंगमधली लाइट गेली तेव्हा

परवा इचोड्याला उतरले, तर गुरांच्या ढेपेच्या दुकानातून सरकीचा तेलकट वास आला आणि नव्वदच्या आसपासचं आमचं जिनिंग आठवलं. तिथे मी काट्यावर वजनं टिपायचे. सरकी काढणारे रेचे सुरू असले की शेजारच्याचंही ऐकू येत नसे. मालक हातवारे करत शिव्या हासडायचे आणि रेच्यात कापूस टाकणारी मंदाबाई मान खाली घालून त्यांना आपल्या शिव्या परत करायची. सगळ्याच बायका करायच्या.

एका दुपारी अचानक लाइट गेली. रेचे थांबले आणि त्या शांततेत मंदाबाईचा आवाज घुमला, "तुह्या तोंडात माती पडो, मुडद्या!"

मालक समोरच उभे. मला वाटलं, बाईचं काम गेलं.

"काऊन वं, रोज शिव्या देतं का मले?"

"तुमी देता तवाच देतो, मालक."

मालक अंगावरचा कापूस झटकत राहिले.

पुढे दुसऱ्या नोकरीत मला हळू आवाजात बोलणारे साहेब भेटले. त्यांच्या एका 'बघू'ने माझी झोप उडायची. जिनिंगमध्ये मात्र त्या दुपारी लाइट आली, रेचे फिरले आणि दोघांची तोंडं पुन्हा सुरू झाली. ऐकू काहीच येत नव्हतं, पण दोघंही हसत होती.