सुलूआत्याच्या फोनची असली बॉडी

आमच्या मधुकरला उज्जैनच्या नानाखेड्यात सगळे ‘नोकियावाले काका’ म्हणतात. मी नाही म्हणत. मी त्याची थोरली बहीण मंगला, वयाने चार वर्षांनी मोठी आणि अकलेने चाळीस. मी त्याला जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बिजली ऑफिसातून रिटायर झालेली माणसं काय करतात? सकाळी क्षिप्रेवर फिरायला जातात, जावयाला नावं ठेवतात, नाहीतर ट्रस्टच्या मीटिंगमध्ये भांडतात. आमच्या चिरंजीवांनी कबाड्यांच्या दुकानांतून जुने मोबाइल गोळा करायला घेतले. तेही सगळे नाहीत, एकाच खानदानाचे. नोकियाचा तो दोन हजार तीनचा टॉर्चवाला अकराशे आठवतोय ना, जो आपल्याकडे दूधवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या खिशात होता? तो याचा मूळपुरुष. त्याच्या पुढे त्याची मुलं-नातवंडं काचेच्या कपाटात ओळीने मांडलेली. मधुकर त्यांना ‘रांग’ म्हणतो. आल्या-गेल्याला चहाच्या आधी रांग दाखवली जाते. माझी भावजय पल्लवी बिचारी चहा घेऊन दारात ताटकळत उभी, आणि हा पाहुण्याला सांगतोय, “हा बघा पहिला, याच्या बटणांवर एकसंध रबर, धूळ आत जात नाही. हा अकराशे दहा. याचा टॉर्च काढून घेतला, पण हा हिंदीत वेळ बोलतो. हा सोळाशे, इथे पहिल्यांदा रंग आला. आणि हा बाराशे! टॉर्च परत आला, आणि घरात पाच माणसं आणि फोन एक, म्हणून आत पाच वेगवेगळ्या नंबरांच्या याद्या!” पाहुणा ‘अच्छा, अच्छा’ करतो आणि चहाकडे बघतो.

मी हसते खरी, पण एक गोष्ट कबूल करायला हवी. याला त्या फोनांतलं खरंच कळतं. कुठल्या वर्षी काय आलं, काय गेलं, का गेलं, सगळं तोंडपाठ. फक्त फोन कशासाठी असतो, तेवढं मधल्या मधे राहून गेलं.

झालं असं की इंदूरला जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं एक प्रदर्शन भरणार होतं. त्यातले एक जाणकार बाफनाजी रांग बघायला मुद्दाम उज्जैनला आले. मधुकरने नवा शर्ट घातला, पल्लवीने साबुदाण्याची खिचडी केली. बाफनाजींनी एकेक फोन हातात घेतला, मागचं झाकण उघडून आत पाहिलं, मान डोलावली. अकराशे दहापाशी आले आणि थांबले. “भाईसाहब, इसकी बॉडी तो डुप्लीकेट है.” आतलं यंत्र खरं, पण बाहेरचं कव्हर आणि बटणं बाजारातली नकली. मधुकरला ते ठाऊक होतं. असली कव्हर त्याला दोन वर्षं मिळत नव्हतं. बाफनाजी जाताना म्हणाले, असली मिळालं तर रांग प्रदर्शनात अगदी मधोमध ठेवू. घिसा हुआ चलेगा, नकली नहीं चलेगा.

त्या दिवसापासून याची झोप उडाली. आणि असली कव्हरचा अकराशे दहा अख्ख्या उज्जैनमध्ये याच्या माहितीतल्या एकाच माणसाकडे होता. आमच्या सुलूआत्याकडे.

सुलूआत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. देवास गेटजवळ दोन खोल्यांत एकटी राहते. मुलगी निहारिका पुण्याला ‘ये ये’ म्हणून थकली, पण ही हलत नाही. “तिथे मला कोण ओळखतं? इथे भाजीवाला पण विचारतो, माँजी, दो दिन से दिखी नहीं.” काचबिंदूने तिचे डोळे जवळजवळ गेलेत. उजेड-अंधार तेवढा कळतो. पण रोज सकाळी देवपूजा झाली की तिचे फोन सुरू. दोनचं बटण दाबून धरलं की मधुकर, तीनचं धरलं की मी, चारचं धरलं की निहारिका. “मंगले, उठलीस का? आज प्रदोष आहे.” बस, एवढंच. मग त्यात कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं असं करत अर्धा तास. आमच्या घरांत कॅलेंडर लागत नव्हतं, इतकी ती बाई तिथींची पक्की होती. आणि मधूनच फोनचं एक बटण दाबून वेळ ऐकायची. आतली बाई हिंदीत वेळ सांगायची की आत्या तिला ‘बरं हो’ म्हणायची.

माघात आत्याला एक्याऐंशी पूर्ण झाली. मधुकरच्या घरी सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम केला. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, निहारिका पुण्याहून आली, ग्वाल्हेरचे सगे आले, पुरणपोळ्यांचा ढीग. त्याच्या आदल्या दिवशीच मधुकर आत्याचा फोन ‘जरा साफ करून देतो’ म्हणून घेऊन गेला होता. ओवाळणं झाल्यावर त्याने तो सगळ्यांसमोर तिच्या ओटीत ठेवला. चकचकीत! नवी बॉडी, नवी बटणं. “आत्या, आत सगळं तेच आहे. नंबर तेच, आवाज तोच. फक्त कपडे नवे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्वाल्हेरच्या काकू म्हणाल्या, भाचा असावा तर असा. मीसुद्धा डोळे पुसले, मूर्खासारखे.

आत्याने फोन दोन्ही हातांनी चाचपला. जरा वेळ लागला तिला. मग म्हणाली, “छान झाला हो. किती गुळगुळीत.”

त्यानंतर तिचे सकाळचे फोन बंद झाले.

पहिल्यांदा वाटलं, कार्यक्रमाची दगदग झाली असेल. मी फोन केला तर एकदा कटला, एकदा कटला, तिसऱ्यांदा उचलला. “अगं बरी आहे मी, काय धाड भरलीये मला.” मग कटला. चार दिवस गेले, आठवडा गेला. एकादशीला मी देवास गेटवर पोहे-जलेबी हाणली आणि घरी आल्यावर शेजारणीने सांगितलं, ताई, आज तर ग्यारस आहे. लाज वाटली, आणि रागही आला. मधुकरला फोन लावला, “तुला येतो का रे तिचा फोन?” तो म्हणाला, नाही ना. त्याला वाटत होतं, म्हातारी कशावरून तरी रुसली आहे. मला म्हणतो, “माझ्याकडून काही बोलण्यात आलं का ग?” बघा!

दुपारी मी थेट आत्याकडे गेले. ती पलंगावर बसली होती. फोन मांडीवर. मी आत येताच पहिलं काय विचारलं तिने? “मंगले, किती वाजले ग?”

मी म्हटलं, “अडीच. पण आत्या, तुझी ती फोनमधली बाई कुठे गेली?”

“असेल कुठेतरी,” ती म्हणाली, “मला सापडत नाही.”

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि डोळे मिटून बोटं फिरवली. असली फोनच्या पाचच्या बटणावर एक बारीक फुगवटा असतो, तो या नकलीवर नव्हताच. आणि तिच्या जुन्या फोनच्या दोनच्या बटणाचा कोपरा उडालेला होता. मागे एकदा फोन खलबत्त्यावर पडला तेव्हाचा. त्या दोन खुणांवर तिचा सगळा कारभार चालायचा. आता सगळी बटणं सारखी, काचेसारखी गुळगुळीत. कुठलं दोन आणि कुठलं नऊ, आंधळ्या बाईने ओळखायचं कसं? फोन उचलायला गेली की कटणार, नाहीतर काय होणार!

“अगं, मग सांगितलं का नाहीस?” मी ओरडलेच.

“हळू बोल,” ती म्हणाली, “वरचे भाडेकरू झोपलेत.”

तिथून मी रिक्षा केली ती सरळ नानाखेडा. मधुकर कपाटापुढे बसून काच पुसत होता. मी त्या अकराशे दहापाशी वाकले. दोनच्या बटणाचा कोपरा उडालेला!

“मध्या,” मी म्हटलं, “तू आत्याचे कपडे काढून तुझ्या बाहुलीला घातलेस.”

पहिल्यांदा तो अंगावर आला. “चोरी केली का मी? आतलं यंत्र तिचंच आहे. तिला तर नवीन मिळालं! घासलेल्याच्या बदल्यात नवीन दिलं, यात वाईट काय? तिला दिसत नाही, ताई, तिला काय फरक पडतो?”

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. मी तिचं ते ‘किती वाजले’ आणि कटणारे फोन, सगळं सांगितलं. रागावून नाही सांगितलं. माझा राग त्याचा चेहरा बघूनच उतरला होता. पल्लवी दारात उभी होती, ती आत जाऊन पदराने डोळे पुसायला लागली. मधुकर उठला, कपाट उघडलं, फोन काढला, फोन उघडायच्या पेचकसांची डबी खिशात टाकली आणि चपला घालायला लागला. एकीकडे म्हणत होता, “परवा इंदूर आहे, ताई.” मी म्हटलं, “माहीत आहे मला.” ते त्याचं त्याने ठरवायचं होतं.

आत्याकडे पोचलो तेव्हा ती अजून तशीच बसलेली. मधुकर तिच्या पायाशी जमिनीवर बसला. साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, पण बसला. म्हणाला, “आत्या, मी तुझ्या फोनची बॉडी घेतली. माझ्या रांगेला हवी होती म्हणून. भेट-बिट काही नव्हती ती.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली.

मधुकरने मान वर केली.

“अरे, हात लावला तेव्हाच कळलं मला. म्हटलं, मध्याला माझा हवा असेल, मागायची लाज वाटली असेल, म्हणून असा द्राविडी प्राणायाम केला. मग चार लोकांत बोलून तुला आणखी लाजवू?”

“पण तुला फोन लावता येईना!”

“नाही आला,” ती म्हणाली. “पहिले दोन दिवस जरा रडू आलं. मग म्हटलं, राहू दे. तिकडे तुझ्या कपाटात माझा फोन लोक बघतायत. मध्याची रांग पुरी झाली. माझं काय, मी इथे तिथीच तर सांगते.”

मधुकरने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडला. लहान मुलासारखा, आवाज काढून. तिने त्याच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पुरे रे, वरचे उठतील.” मग मीही रडले, का नाही रडणार?

त्याने तिथेच खाली मांडी घालून दोन्ही फोन उघडले. एक स्क्रू पलंगाखाली गेला, तो मी वाकून शोधला. असली कव्हर, असली बटणं परत तिच्या फोनवर बसली. आत्याने अंगठा फिरवला. पाचवरचा फुगवटा सापडला, दोनचा उडालेला कोपरा सापडला. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! पहिलं तिने बटण दाबून वेळ ऐकली आणि ‘बरं हो’ म्हणाली. मग दोन दाबून धरलं. मधुकरच्या खिशात फोन वाजला. ती समोर बसलेली, हा समोर बसलेला, आणि तिने फोन कानाला लावून म्हटलं, “मध्या, आज एकादशी.” त्यानेही फोन कानाला लावूनच ‘हो आत्या’ म्हटलं.

इंदूरला मीही गेले होते त्याच्याबरोबर. रांग मधोमध नाही, एका खांबाच्या आडोशाला लागली. अकराशे दहाच्या जागी नकली बॉडीवालाच ठेवला होता आणि खाली मधुकरने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली होती: ‘बॉडी डुप्लीकेट है. असली वाली उज्जैन में इस्तेमाल में है.’ बाफनाजींनी ती वाचली, हसले, शेजारच्याला दाखवली. तोही हसला. कॉलेजची दोन पोरं फोटो काढून गेली. मधुकरचे कान लाल झालेले मला दिसत होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आत्या होती. तिचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता, कारण तिला वाटतं इंदूर लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं.

“मध्या, लोक हसले का रे, नकली म्हणून?”

“हसले,” तो म्हणाला.

“मग रे आता?”

मधुकरने रांगेकडे पाठ केली, खांबाला टेकला आणि एक कान बोटाने बंद केला.

“हसू दे ग,” तो म्हणाला. “तू बोल.”